वाचकांचे प्रश्न : बंकरचं तोंड कुणीकडे?

(भटकंतीविषयीच्या वाचकांच्या पत्रांना या सदरात उत्तरं देतात गोंदिया जिल्ह्यातले एक निवृत्त बांधकाम अभियंते.)

साहेब, नमस्कार. धानाचा चुरणा आटोपला की आम्ही दोन घरचे लोक समता एक्स्प्रेसनं विशाखापट्टणमला जाणार आहोत. सिंहाचलम, कैलासगिरी, पाणबुडी हे सगळं यादीत आहे. परवा पोरानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. वाळूत अर्धी रुतलेली, एका अंगाला कललेली सिमेंटची खोली, आणि खाली लिहिलेलं, महायुद्धातला बंकर. हा नेमका कुठं आहे, कुणी आणि काहून बांधला? पाहण्याजोगं काही आहे का त्यात? बायको म्हणते, इतक्या दूर जाऊन पडकी खोली काय पाहायची, आपल्या गावात कमी आहेत का.
— एक शेतकरी वाचक, आमगाव तालुका

वहिनींना सांगा, पडक्या खोल्या आपल्याकडं ढिगानं आहेत, पण बंदूक रोखायला भिंतीत खाच ठेवलेली एकही नाही.

आधी जागा सांगतो. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरून, ज्याला सगळे आरके बीच म्हणतात, समुद्र उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडं निघालात की पुढं जालारीपेटा ही मासेमारांची वस्ती लागते. या पट्ट्यात तो बंकर आहे. ऑटोवाल्याला ‘बंकर’ म्हणाल तर तो तुमच्या तोंडाकडं पाहत राहील. जालारीपेटा म्हणा, उतरा, आणि जाळं दुरुस्त करत बसलेल्या एखाद्या माणसाला मोबाईलवरचा फोटो दाखवा. तेलुगू येत नसलं तरी अडत नाही, तो बोटानं दाखवतो. मात्र फोटोत दिसला तसाच दिसेल याची हमी नाही. कधी वाळू चढते आणि तो गडप व्हायला येतो, कधी समुद्र वाळू ओढून नेतो आणि सबंध उघडा पडतो. उलट दिशेला, बंदराच्या बाजूला, ‘कोस्टल बॅटरी’ नावाचाच एक भाग आहे. समुद्राकडं रोखलेल्या तोफांची ती जागा. तोफा गेल्या, नाव राहिलं.

आता काहून बांधला. याचं उत्तर विशाखापट्टणमला नाही, तुमसरला आहे.

चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी तुम्ही पाहिल्या नसतील तरी नाव ऐकलं असेल. तिथलं आणि पलीकडं बालाघाटचं मँगनीज. पोलाद करायचं तर मँगनीज लागतंच. शंभर वर्षांपूर्वी आपण मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर, आणि या प्रांताला समुद्र नव्हता. खनिज परदेशी धाडायचं तर एक मुंबईला न्या, नाहीतर कलकत्त्याला. म्हणून बंगाल नागपूर रेल्वेनं १९२७ ते १९३३ या काळात विशाखापट्टणमला बंदर बांधलं, मुख्यतः मध्यप्रांतातलं मँगनीज बाहेर काढण्यासाठी. रायपूरहून डोंगरातून विजयनगरमला उतरणारी लाईन १९३१ मध्ये पूर्ण झाली. तुमची समता त्याच लाईननं जाते. टिटलागढ सुटलं की खिडकीशी बसा. ओडिशातल्या रायगडा गावाच्या आसपासचे डोंगर आणि वळणं पाहिली की कळेल, हौस म्हणून कुणी इथं रूळ टाकले नसते.

बंदर सुरू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तर युद्ध दारात आलं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून. २३ मार्चला जपानी अंदमानात उतरले. पोराच्या शाळेचा नकाशा घेऊन या तीन गावांवर बोट ठेवा आणि पुढं कुठं जाल ते बघा. बोट आपसूक आपल्या पूर्व किनाऱ्यावर येतं. तेव्हाच्या सरकारचंही आलं. ५ एप्रिलला कोलंबोवर बाँब पडले आणि दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिल १९४२ ला, विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर. र्‍यूजो नावाच्या विमानवाहू जहाजावरून उडालेली विमानं होती ती. त्याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वीसच्या आसपास व्यापारी जहाजं जपान्यांनी बुडवली. हल्ला तसा लहान, पण शहरातले लोक गाठोडी बांधून आतल्या गावांकडं पळाले.

किनाऱ्यावरचा बंकर या हल्ल्यासाठी नव्हताच. विमानाला तो काय करणार? शत्रू होड्यांतून वाळूवर उतरेल, ही भीती होती. त्यासाठी समुद्रकाठी अशा छोट्या सिमेंटच्या चौक्या बांधल्या, आत चार माणसं आणि एखादी मशीनगन बसेल एवढ्या. फौज कधी उतरली नाही.

पाहण्याजोगं काय, तर दिशा. गेल्या गेल्या सेल्फी काढायला धावू नका. आधी जमिनीच्या बाजूला, रस्त्याकडं पाठ करून उभे राहा. अशा चौकीचं दार सहसा मागून असतं, शत्रूला दिसू नये म्हणून. मग फेरी मारून खाचा शोधा. आंबागड किंवा प्रतापगड चढलेल्यांना तटातल्या जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं, ठाऊक असतील. इथंही तेच काम, फक्त दगडाऐवजी काँक्रीट. खाचेच्या कडा तिरक्या का, ते पोराला विचारा. आतल्या माणसाला बंदूक डावी-उजवीकडं फिरवता आली पाहिजे, पण बाहेरच्याची गोळी आत येता कामा नये. भिंतीची जाडीही खाचेपाशीच कळते. वितीनं मोजा आणि आपल्या घराच्या नऊ इंची भिंतीशी ताडून पाहा.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. किनारा राखणाऱ्या बंदूकवाल्याला नुसता समोरचा समुद्र मारून भागत नाही. उतरलेली माणसं वाळूवर लांबच लांब पसरतात, म्हणून गोळीबार किनाऱ्याच्या लांबीनं करायचा असतो. चांगली चौकी म्हणून समुद्राकडं जितकी पाहते तितकीच आजूबाजूच्या वाळूकडंही पाहते. खाचेसमोर उभं राहून हा कोन डोळ्यांनी धरून बघा. पण बेतानं, कारण बंकर आता कललेला आहे. बांधणाऱ्यानं ठरवलेली दिशा आणि आज दिसते ती दिशा एकच असेल असं धरू नका.

तिथून परतताना विशाखा म्युझियम करा. बीच रोडवरच आहे. १९४२ मध्ये पडलेल्या जपानी बाँबचं कवच तिथं ठेवलं आहे. पाणबुडी, म्हणजे आयएनएस कुरसुरा, जवळच. ती पुढच्या काळातली, १९६९ ते २००१ नौदलात होती, पण बंकर, बाँब आणि पाणबुडी एका दिवसात पाहिली की बंदर राखण्याची पद्धत कशी बदलत गेली ते न सांगता समजतं.

तुमचा माणूस म्हणून विचारतो, राग मानू नका. आमच्या गावची पाण्याची टाकी बांधून वीस-बावीस वर्षं झाली नाहीत तर खालून गज दिसायला लागले, खपल्या पडतात, पोरांना खाली खेळू देत नाही. आणि इंग्रजांचं काँक्रीट समुद्राच्या खाऱ्या हवेत ऐंशी वर्षं टिकतं. म्हणजे तेव्हाचे ठेकेदार देवमाणसं होते का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, लाखांदूर तालुका

राग कशाला, जन्म त्यातच गेला.

देवमाणसं वगैरे काही नव्हती. युद्धातली बांधकामं घाईतली असतात, सिमेंट मिळेल ते, वाळू समोर दिसेल ती. फरक कामात आहे. टाकीला हजारो लिटर पाणी पोटात घेऊन उंचावर उभं राहायचं असतं. तिचे खांब, तुळया, तळाची स्लॅब सगळं बारीक हिशेबाचं, आणि सगळा ताण गजांवर. बंकरला स्वतःचं वजन सोडून काही उचलायचं नाही. जाड भिंती, ठेंगणा घाट, वर एक स्लॅब. त्यातले गज कुजले तरी तो लगेच कोसळत नाही, नुसता फाटत जातो. तोल गेला तर खोक्यासारखा सबंध कलंडतो, आणि झालंही तेच आहे.

गज दिसायला लागतात त्याचं कारण मात्र दोन्हीकडं एकच. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. काँक्रीटच्या आत ती जागा नसते. मग आवरण आतून ढकललं जातं, आधी गजाच्या रेषेत केसाएवढी चीर पडते, तपकिरी डाग उतरतो, आणि एक दिवस खपली सुटते. चीर दिसली की तिच्यावर हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकून बघा. चांगलं काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं पोकळ. समुद्राच्या हवेतलं मीठ हा सगळा कारभार लवकर उरकतं. आपल्याकडं मीठ नाही, पण गजाखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे गज फळीपासून उचलून धरणारा ठोकळा, ठेवायच्या ऐवजी गिट्टीचा खडा सरकवण्याची रीत आहे. स्लॅब ओतताना मजूर गजावर चालतो, खडा निसटतो, गज फळीला टेकतो. वरून प्लास्टर मारलं की कुणाला दिसणार? बावीस वर्षांनी दिसतं. टाकीचं ऑडिट करून घ्या, ठराव करून लेखी मागा, आणि तोवर पोरांना खाली जाऊ देत नाही हे बरोबरच करता.

आता तो कलला का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाटा वाळूला वर्षाकाठी एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकवत नेतात. विशाखापट्टणमला दक्षिणेला डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर, त्याच्या कुशीत बंदराचं तोंड. तोंड गाळानं भरू नये म्हणून तिथं सुरुवातीलाच दोन जुनी जहाजं मुद्दाम बुडवून बांध केला होता. पुढं १९७० च्या दशकात बाहेरचं बंदर झालं, मोठे दगडी बांध आले. दक्षिणेकडून येणारी वाळू तिथं अडते आणि पुढच्या आरके बीचच्या वाट्याला कमी येते. समुद्र मात्र आपला हिस्सा काढून नेतच राहतो. म्हणून बंदरवाले ड्रेजरनं अडलेली वाळू उपसून बीचवर आणून टाकतात. त्यात २०१४ च्या ऑक्टोबरातल्या हुदहुदसारखं वादळ आलं की वर्षांचा हिशेब एका रात्रीत होतो. माझं मत विचाराल तर, ज्या बंदराच्या रक्षणासाठी बंकर बसवला, त्याच बंदरानं त्याच्या पायाखालची वाळू सरकवली. सगळाच दोष बंदराचा नाही, पण बराचसा आहे.

सर, आमच्या जिल्हा परिषद शाळेची सातवीची सहल यंदा विशाखापट्टणमला न्यायचं पालकांच्या मनात आहे. मुलांना बंकरच्या आत नेता येईल का? इतिहासात दुसरं महायुद्ध दोन पानांत संपतं, निदान डोळ्यांनी काही बघतील.
— एक शिक्षिका, अर्जुनी मोरगाव तालुका

मॅडम, आत नाही. बाहेरून जितकं हवं तितकं.

आत वाळू किती भरली आहे, तिच्याखाली काय आहे, हे वरून कळत नाही. गंजलेले गज निघालेले असतात, छताची खपली कधी सुटेल याचा नेम नाही, आणि आडोसा म्हटला की लोक त्याचा काय उपयोग करतात ते तुम्हाला सांगायला नको. वर चढूही देऊ नका. कललेल्या स्लॅबवर शेवाळ असतं, आणि एक पोरगं चढलं की चाळीस चढतात.

याहून मोठी काळजी पाण्याची. आपली पोरं बोडीत, तळ्यात लहानपणापासून डुंबलेली, त्यांना वाटतं आपल्याला पोहता येतं. आरके बीचवर परतणारी लाट पायाखालून ओढते, आणि त्या किनाऱ्यावर पट्टीचे पोहणारेही बुडाले आहेत. घोट्याच्या वर पाणी नाही, हा नियम गाडीतच सांगा आणि शिट्टी गळ्यात ठेवा. जायचं ते ओहोटीला. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती मोठी येते तशी ओहोटीही खोल जाते, तेव्हा बंकरभोवती जास्त वाळू उघडी मिळते. पण वेळ आधी चौकशी करूनच ठरवा, कारण त्याच दिवसांत भरतीचं पाणीही जास्त वर येतं.

मुलांना काम द्या. तिघा-तिघांचा गट, हातात कोरा कागद. बंकर, समुद्र, रस्ता, बंदराचा डोंगर, एवढंच काढायचं आणि प्रत्येक खाचेतून एक रेघ ओढायची. रेघा कुठं जाऊन मिळतात ते बघायचं. त्यानंतर एकच प्रश्न विचारा: तुम्ही शत्रू असता तर कुठं उतरला असता? सातवीची पोरं यावर तासभर भांडतील. दोन पानांचा धडा त्यापुढं फिका आहे.

एक बंधन पाळा. विशाखापट्टणमला नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. तारेचं कुंपण आणि मनाईची पाटी दिसली की मोबाईल खिशात. कुणा उत्साही पालकानं ड्रोन आणला असेल तर तो बॅगेतच राहू द्या.

आमचे वडील सांगत की महायुद्धात आपल्या भागातही विमानं उतरायची. आम्हाला ती थापच वाटायची. समुद्र कुठं, आपण कुठं!
— एक वाचक, गोंदिया

थाप नव्हे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच बांधली. पुढं कितीतरी वर्षं ती आमच्या बांधकाम खात्याकडं होती, १९९८ मध्ये एमआयडीसीकडं गेली आणि २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडं. आता तिथं चालू विमानतळ आहे, त्यामुळे बंकरसारखं मनात आलं आणि फिरून आलो असं जमणार नाही. समुद्र लांब आहे म्हणूनच तर अशा जागा आत निवडतात. किनाऱ्यावरची धावपट्टी शत्रूच्या पहिल्या तडाख्यात सापडते.

तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना आठवण होती ती बहुधा दुसऱ्याच गोष्टीची. एप्रिलमध्ये विशाखापट्टणमला बाँब पडले आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला ‘छोडो भारत’च्या आंदोलनात चिमूर पेटलं. इंग्रजांना समुद्राकडून धास्ती होती आणि घरात आपल्या लोकांची. दोन्ही एकाच वर्षातल्या गोष्टी आहेत, पण आपण त्या कधी एकत्र वाचत नाही. वडील हयात असतील तर मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. नसतील तर त्यांच्या बरोबरीचं कुणी गावात आहे का ते बघा, आणि आजच बघा.

अंदमानातले बंकर चांगले की विशाखापट्टणमचे? आणि मुंबईला पोराच्या नोकरीच्या कामानं जाणं होतं, तिथं असं काही आहे का?
— एक निवृत्त तलाठी, साकोली

चांगले-वाईट काय ठरवायचं, अण्णा, पण फरक आहे. अंदमानातले बंकर जपान्यांनी बांधलेले. मार्च १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत ती बेटं त्यांच्या ताब्यात होती. पोर्ट ब्लेअरहून, ज्याला आता श्री विजयपुरम म्हणतात, कॉर्बिन्स कोव्हच्या बीचकडं जाताना रस्त्याच्या कडेलाच दिसतात. रॉस बेटावरही आहेत, त्या बेटाचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. विशाखापट्टणमला इंग्रज जपान्यांची वाट पाहत बसले होते आणि अंदमानात जपानी इंग्रजांची. दोन्हीकडं खाचा समुद्राकडं आणि दोन्हीकडं वाळूवर मोठी फौज उतरलीच नाही. अंदमानात युद्धाची झळ बसली ती तिथल्या रहिवाशांना, बंकरमधून नव्हे तर हुकमानं. ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला चव्वेचाळीस जणांना जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. तिथं गेलात तर सेल्युलर जेल पाहून लगेच परतू नका, हेही बघा.

मुंबईत घारापुरी. लेणी सगळे बघतात आणि काकडी-मक्याचं कणीस खाऊन लाँचला परततात. लेण्यांच्या वर टेकडीच्या माथ्यावर दोन मोठ्या तोफा अजून आहेत, बंदराकडं येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणाऱ्या. चढ बेताचा आहे, पण पायऱ्या चढून दमल्यावर पुन्हा वर जायचं जिवावर येतं, म्हणून सकाळची पहिली लाँच धरा आणि आधी तोफा, मग लेणी असा क्रम ठेवा. गेटवे ऑफ इंडियावरून लाँच सुटते. सोमवारी लेणी बंद असतात. पोराला साहेबानं सोमवारी बोलावलं असेल तर तुम्ही मंगळवारपर्यंत मुक्काम वाढवा.